रेझिनचा हँडमेड नेम टॅग: कुत्र्या-मांजरासाठी बघून कसा घ्यायचा आणि मग तो टिकवायचा कसा

दोन वर्षांपूर्वी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमचा खंडू गेटमधून निसटला. समोरच्या बिल्डिंगखाली कुणीतरी लड लावली, पाहुणे येणार म्हणून गेट अर्धं उघडं होतं, आणि अठरा किलोचा कुत्रा पट्टा हातातून हिसकावून असा काही पळाला की आम्ही कोपऱ्यावर पोचेपर्यंत रस्त्यावर फक्त धूर. रात्रभर ठाण्यातल्या गल्ल्या पालथ्या घातल्या. सापडला सकाळी सहाला, घरापासून दोन किलोमीटरवरच्या रिक्षा स्टँडवर. तिथल्या काकांनी त्याला रात्री साडेनऊलाच धरून बांधून ठेवलेलं, पाणी दिलेलं, पाव दिलेला. पण फोन करणार कुणाला? पट्ट्याला कडी होती आणि कडीत एक बारीक पितळी स्क्रू लोंबत होता, बस. ज्याच्यावर नंबर होता तो निळा, आत सोनेरी वर्ख असलेला रेझिनचा (साच्यात ओतल्यावर प्लास्टिकसारखं कडक होतं ते) टॅग वाटेत कुठेतरी पडला होता. तो स्क्रू मी अजून ड्रॉवरमध्ये ठेवलाय, जेमतेम चार आटे आहेत त्याला आणि आट्यांत रेझिनची पांढरी भुकटी अडकलेली आहे. टॅग तुटला नव्हता, स्क्रूच उपटून आला होता.

तेव्हापासून मी स्वतःच्या आणि ओळखीतल्यांच्या प्राण्यांसाठी बरेच टॅग घेतलेत, दोन-तीन जणींना बनवताना जवळून बघितलंय, आणि एक गोष्ट पक्की कळलीये की टॅगचं काम एकच, अनोळखी माणसाने रात्री रस्त्यावर, घाबरलेल्या कुत्र्याला एका हाताने धरून, दुसऱ्या हातातल्या मोबाइलच्या उजेडात नंबर वाचून फोन लावणं. रंग, फुलं, वर्ख सगळं त्याच्यानंतर. हँडमेड टॅग मला मनापासून आवडतात म्हणूनच हे सगळं सविस्तर लिहितेय.

आधी साइज आणि वजन

फोटोत सगळे टॅग सारखेच दिसतात, त्यामुळे मिलिमीटरमध्येच विचारायचं. रेझिनचं वजन साधारण पाण्यापेक्षा किंचित जास्त असतं, त्या हिशोबाने २५ मिमी व्यासाचा आणि ३ मिमी जाडीचा गोल टॅग दीड-पावणेदोन ग्रॅमचा होतो, ३२ मिमीचा पावणेतीनच्या आसपास, आणि ३८ मिमीचा ४ मिमी जाड घेतला तर थेट पाच ग्रॅम. मांजरीला आणि छोट्या कुत्र्याला २५ च्या वर जाऊ नका, जेवताना वाटीवर टक टक आपटतो आणि मांजर दोन दिवसांत वैतागून पट्टाच काढून टाकते. लॅब, जर्मन शेफर्ड किंवा आपले अंगाने भरलेले गावठी कुत्रे, यांना ३२ ते ३८ चालतो. जाडी मात्र कुत्र्यासाठी ३ मिमीपेक्षा कमी नको, पातळ टॅग फरशीवर आपटून कडेने टवके उडतात.

हाडाचा, पंजाचा, मांजरीच्या तोंडाचा असे आकार दिसायला गोड असतात पण त्यांच्यात लिहायला जागा कमी राहते, आणि कानांची टोकं सगळ्यात आधी तुटतात. मी गोल किंवा गोलसर चौकोनीच घेते.

मांजर असेल तर टॅगच्याही आधी पट्टा बघा. ब्रेकअवे कॉलरच हवी, म्हणजे ग्रिलमध्ये किंवा फांदीत अडकली तर जोर पडल्यावर बक्कल आपोआप सुटतं. सुटला की टॅगपण जाणार हे धरूनच चालायचं आणि म्हणून मांजरीसाठी एकाच वेळी दोन टॅग बनवून घ्यायचे, दुसरा कपाटात.

काय लिहायचं

फोन नंबर, दोन वेगवेगळ्या माणसांचे. एकच नंबर असेल तर नेमका तेव्हाच तो स्विच ऑफ असतो किंवा तुम्ही स्वतःच कुत्रा शोधत फिरताय आणि बॅटरी संपलेली. पुढच्या बाजूला नाव, मागच्या बाजूला फक्त नंबर, मोठ्या अक्षरात. आकड्यांची उंची ३ मिमी तरी पाहिजे आणि फॉन्ट सरळ साधा, कारण वळणदार फॉन्टमध्ये १ आणि ७, ३ आणि ८ यांची इतकी गडबड होते की एका मैत्रिणीच्या टॅगवरचा नंबर मलाच चुकीचा लागला होता.

नाव मराठीत लिहून घ्या की, का नाही. खंडूच्या टॅगवर नाव देवनागरीत आहे आणि खाली "हरवलोय, फोन करा" एवढंच. आपल्याकडे वॉचमन, रिक्षावाले, भाजीवाले यांना ते लगेच वाचता येतं, मराठी असो की हिंदी भाषिक. आकडे मात्र इंग्रजीच ठेवा, मोबाइलवर बघून टाइप करायला सोपे पडतात. पत्ता लिहू नका, जागा खातो आणि सेफपण नाही. जागा उरलीच तर "औषध चालू आहे" लिहा. कुत्रा आवडला म्हणून ठेवून घेणारेही असतात, आणि ते वाचलं की माणूस फोन करायची शक्यता वाढते असं मला वाटतं.

बॅकग्राउंड आणि अक्षरं यांच्यात कडक फरक हवा. पांढऱ्यावर काळं किंवा गडद निळ्यावर पांढरं. ग्लिटरवर सोनेरी अक्षरं म्हणजे नंबर गेलाच, मोबाइलचा टॉर्च पडला की सगळंच चमकतं. तुम्हाला ग्लिटर हवाच असेल तर पुढे नावाच्या बाजूला घाला, मागची बाजू साधी ठेवा.

क्यूआर कोडचं आता बरंच चाललंय. २०२३ च्या जुलैमध्ये मुंबई एअरपोर्टबाहेरच्या २० भटक्या कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआरचे टॅग घातले होते तेव्हापासून तर घरच्या कुत्र्यांसाठीही लोक विचारायला लागले. क्यूआर घ्या पण नंबर काढून क्यूआर नको, नंबरसोबत क्यूआर. घुमटासारखा फुगीर रेझिन असेल तर त्याच्यावर उजेड परावर्तित होतो आणि स्कॅन होत नाही, म्हणून कोड सपाट बाजूला घ्यायचा. आणि तो कोड कुठल्या वेबसाइटवर नेतो, दरवर्षी पैसे भरावे लागतात का, हेही विचारा. थेट फोन नंबरच भरलेला कोड बनवता येतो, त्याला कुठलीच वेबसाइट लागत नाही.

भोक आणि कडी, इथे सगळ्यात जास्त बघा

आमचा टॅग गेला तो इथेच, त्यामुळे इथे जरा थांबते.

टॅगला कडी लावायच्या साधारण तीन पद्धती दिसतात. पहिली म्हणजे टॅगच्या वरच्या कडेत बारीक भोक पाडून त्यात स्क्रूवाली आय पिन, म्हणजे डोक्याला गोल कडी असलेला बारीक स्क्रू, फिरवायची. कानातल्यांना आणि कीचेनला हे चालतं, कुत्र्याला अजिबात नाही. कुत्रा रोज अंग झटकतो, त्या प्रत्येक झटक्याला स्क्रू थोडा थोडा ढिला होतो, रेझिन आतून खरवडलं जातं आणि एक दिवस निघतो. गोंद लावलाय असं सांगितलं तरी घेऊ नका.

दुसरी म्हणजे आरपार भोक. हे चांगलं, पण भोकापासून टॅगच्या कडेपर्यंत ३ ते ४ मिमी रेझिन शिल्लक हवं. भोकाशेजारी नख ठेवून काढलेला फोटो मागवला की अंदाज येतो. भोक साच्यातच घडवलेलं असेल तर उत्तम, ड्रिलने पाडलेलं असेल तर आतून गुळगुळीत केलंय का बघायचं, कारण ड्रिलच्या बारीक भेगाच पुढे मोठ्या होतात. तिसरी, माझी आवडती, आरपार भोक आणि त्यात धातूचं आयलेट बसवलेलं, बुटाच्या लेसच्या भोकाला असतं तसं. कडी धातूवर घासते, रेझिनवर नाही. असा टॅग थोडा महाग पडतो, पण मोठ्या कुत्र्यासाठी तो घ्याच.

कडी स्टेनलेस स्टीलची स्प्लिट रिंग, म्हणजे किल्ल्यांच्या जुडग्याला असते तशी दोन वेढ्यांची. एक वेढ्याची जंप रिंग, जी पक्कडीने उघडते, ती झटक्यातही उघडते. लॉबस्टर हुक, म्हणजे साखळीला असतो तसा खटक्याचा हुक, लावायला सोपा पण त्याची स्प्रिंग चिखलाने जाम होते. मुंबई, ठाणे, कोकण, गोवा अशा खाऱ्या हवेच्या ठिकाणी साध्या निकेल पॉलिशच्या कड्या एका पावसाळ्यात गंजतात, गंजाचा तांबूस डाग रेझिनमध्ये उतरतो आणि मग तो निघत नाही. हार्डवेअरच्या दुकानातून १२-१५ मिमीच्या स्टीलच्या चार कड्या आणून ठेवा, स्वस्तातलं काम आहे.

रेझिन नीट सेट झालंय का

हे फारसं कुणी विचारत नाही आणि प्राण्याच्या तब्येतीशी सगळ्यात जास्त संबंध याचाच आहे. टॅग दोन प्रकारच्या रेझिनचे बनतात. एपॉक्सीमध्ये रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर ठरलेल्या मापात मिसळतात, टॅग एका दिवसात साच्यातून निघतो पण आतपर्यंत पूर्ण क्युअर, म्हणजे पक्का, व्हायला तीन दिवस ते आठवडा लागतो. यूव्ही रेझिन अतिनील किरणांच्या दिव्याखाली काही मिनिटांत कडक होतं, पण उजेड जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंतच, त्यामुळे काळा किंवा गडद रंग घालून जाड थर एकदम ओतला असेल तर वरून दगड आणि आतून कच्चं असं होऊ शकतं. यूव्ही वाईट असं नाही, पातळ पातळ थरांत केलेलं यूव्ही छान असतं.

कच्च्या रेझिनने त्वचेला ॲलर्जी होते, माणसांनाही आणि प्राण्यांनाही, आणि एकदा झाली की पुढे थोड्याशा संपर्काने परत उठते. पूर्ण क्युअर झालेलं रेझिन गळ्यात घालायला काही अडचण नसते. "नॉन टॉक्सिक" असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ चघळायला चालतं असा कृपया घेऊ नका.

ओळखायचं कसं, तर पाकीट उघडल्या उघडल्या वास घ्या. तिखट केमिकलचा वास येत असेल तर तो अजून घालायचा नाही. अंगठ्याने दहा सेकंद दाबून धरा, बोटाचा ठसा उमटला किंवा चिकट लागलं तर कच्चा. मग नखाने कडेला दाबा, खड्डा पडला तर कच्चा. किंचित शंका असेल तर टॅग आठवडाभर हवेशीर जागी ठेवून परत बघा, तरी चिकट राहिला तर माप चुकलंय, तो कधीच नीट होणार नाही, परत करा. पावसाळ्यात बनवलेल्या टॅगवर कधीकधी पुसट तुपकट थर येतो, दमट हवेत हार्डनरमुळे होतं तसं. साबणाच्या पाण्याने धुतल्यावर गेला आणि खालचं कडक असेल तर ठीक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ऑर्डर देणार असाल तर बनवणारीला सरळ सांगा की घाई नाही, दोन आठवडे लागू देत.

आतलं काय आहे तेही बघा. खरी फुलं पूर्ण सुकवलेली नसली की काही महिन्यांत चॉकलेटी पडतात. प्रिंट केलेला कागद आत घालताना आधी सील केला नसेल तर तेलाचा डाग पडल्यासारखा पारदर्शक होतो आणि नंबर मागच्या रंगात मिसळतो. अक्षरं वरून चिकटवलेली आहेत की रेझिनच्या थराखाली आहेत हे तर बघायलाच पाहिजे. नख आडवं फिरवा, अक्षराच्या कडेला अडकलं तर ती वरून लावलेली, दोन-चार महिन्यांत सोलून निघणार. नख सरकन गेलं तर अक्षरं आत आहेत.

रात्री चमकणारा टॅग हवा असेल तर हिरवा किंवा हिरवट निळा घ्या, बाकीचे रंग मंद असतात. पहिली काही मिनिटं झगझगीत, मग हळूहळू मंदावतो. कुत्रा अंधारात दिसावा म्हणून याच्यावर भरवसा ठेवू नका, त्यासाठी रिफ्लेक्टरवाला पट्टा. पण अंधारात टॅग कुठे आहे हे समोरच्याला चटकन दिसतं, तेवढा उपयोग नक्की.

ऑर्डर देताना

कुठलं रेझिन, किती दिवस क्युअर करता, भोक कसं, मागच्या बाजूचा फोटो आणि शक्यतो हातात धरून हलवतानाचा व्हिडिओ, एवढं विचारा. जी मनापासून काम करते ती सगळं सांगते, उलट खूश होते. नंबर टाइप करून पाठवा, आवाजात सांगू नका, आणि ओतायच्या आधी मांडणीचा फोटो मागवून स्वतः एकेक आकडा वाचा. एवढं झालं की त्या नंबरवर मिस्ड कॉल देऊन बघा. मला चांगले टॅग २०० ते ५०० रुपयांच्या दरम्यान मिळालेत, दोनाची ऑर्डर दिली की थोडे कमी करतात. हाताने ओतलेल्या कामात एखादा बारीक बुडबुडा असतोच, त्यावरून भांडू नका. बुडबुडा भोकाजवळ असेल तर मात्र नक्की बोला, कारण तडा तिथूनच जातो.

घरी आल्यावर लगेच गळ्यात घालू नका

आधी वजनाची टेस्ट. टॅगच्या कडीत दोरी बांधून खाली दोन लिटरची भरलेली पाण्याची बाटली लटकवायची आणि टॅगच्या अंगाला दुसरी दोरी गुंडाळून तो दरवाज्याच्या मुठीला अडकवायचा, म्हणजे ताण भोकावर येतो, आणि रात्रभर ठेवायचा. सकाळी भोकाभोवती पांढरी रेघ दिसली तर तो टॅग कीचेनला लावा, कुत्र्याला नको. मांजरीच्या टॅगला अर्धा लिटर पुरे.

मग वाचायची टेस्ट. अंधार पडल्यावर खाली जाऊन, ज्याला तुमचा नंबर माहीत नाही अशा कुणाला तरी टॅग गळ्यात असतानाच वाचायला सांगा. आमच्या मजल्यावरच्या आजोबांनी चष्म्याशिवाय खंडूचा नंबर वाचला आणि डायल केला तेव्हा मी तो टॅग पास केला.

पहिला आठवडा रोज गळ्याखालचे केस बाजूला करून कातडी बघा. लालसर दिसली, सारखं खाजवत असेल तर टॅग काढा, जागा साध्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. घरात दोन कुत्री असतील तर एकमेकांचे टॅग चावतात का यावर लक्ष ठेवा. रेझिनचा तुकडा धारदार तुटतो, गिळल्याची शंका आली तर उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता सरळ डॉक्टरांकडे न्यायचं. चावरं पिल्लू असेल तर वर्षभर थांबा, तोपर्यंत पट्ट्यावरच नंबर शिवून घ्या.

काळजी

पंधरा दिवसांनी कोमट पाणी, भांड्याचा सौम्य साबण आणि लहान मुलांचा मऊ ब्रश, बास. भोकात आणि कडीच्या वेढ्यात केस, चिखल अडकतो तो काढायचा आणि मऊ कापडाने पुसून कोरडा करायचा. सॅनिटायझर, नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, काच पुसायचा स्प्रे यातलं काही नको, चकाकी जाते ती जातेच. हिरवी घासणी तर अजिबात नको. गोचिडांचं मानेवर सोडायचं औषध असतं त्यात सॉल्व्हंट असतं, ते लावताना पट्टा काढून ठेवा आणि औषध सुकल्यावरच घाला. तेवढा वेळ दार बंद.

रेझिनचा मोठा शत्रू म्हणजे ऊन. उन्हाने ते हळूहळू पिवळं पडतं, पांढरे आणि पारदर्शक टॅग आधी. कुत्रा दिवसभर गच्चीत किंवा अंगणात असेल तर गडद रंगाचा घ्या म्हणजे पिवळेपणा दिसत नाही. आणि साधं एपॉक्सी ५०-६० डिग्रीला मऊ पडायला लागतं, त्यामुळे मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर पट्टा ठेवून गेलात तर टॅग वाकलेला मिळेल. गरम पाण्यात मऊ करून सपाट जागी दाबून सरळ करता येतो, पण भोकाजवळ वाकला असेल तर बदला.

लायसन्सचा किंवा दुसरा कुठला धातूचा बिल्ला त्याच कडीत नको, तो रात्रंदिवस रेझिनवर घासतो. वेगळ्या कडीत, पट्ट्याच्या दुसऱ्या बाजूला. बारीक ओरखडे पडले असतील तर १०००, मग २००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने गोल फिरवायचा आणि शेवटी गाडीचं पॉलिश. पेपर ओलाच हवा, कोरडा घासला की रेझिनची धूळ नाकात जाते. पॉलिश झालं की साबणाने धुवून मगच गळ्यात.

महिन्यातून एकदा, मी वीजबिल भरते त्या दिवशी करते, कडी बोटाने फिरवून बघते. वेढे उघडलेत का, भोक गोल आहे की लांबट झालंय, भोकापासून कडेकडे केसासारखी रेघ गेलीये का. लांबट भोक किंवा रेघ दिसली की त्या दिवशीच टॅग बदलायचा, गोंदाने चिकटवून अजून महिनाभर ढकलायचं नाही. गणपती विसर्जन, दिवाळी, एकतीस डिसेंबर आणि आसपासच्या लग्नसराईच्या आधी ही तपासणी वेगळी करा, कारण पळापळ तेव्हाच होते. दिवाळीचे चार दिवस खंडू घरातसुद्धा पट्टा आणि टॅग घालून असतो.

मायक्रोचिप बसवलीये मग टॅग कशाला, असं बरेच जण विचारतात. चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, त्यात १५ आकडी नंबर असतो आणि तो वाचायला स्कॅनर लागतो. ती जीपीएस नाही, कुत्रा कुठे आहे हे सांगत नाही. रिक्षा स्टँडवरच्या काकांकडे स्कॅनर नसतो, फोन असतो. चिप जरूर बसवा, परदेशी न्यायचं असेल तर बहुतेक ठिकाणी लागतेच, पण टॅगचं काम टॅगलाच करावं लागतं.

आणि हो, टॅग बनून यायला दहा-पंधरा दिवस लागतात. तोपर्यंत घरात परमनंट मार्कर असेल तो घ्या आणि पट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला आज रात्रीच नंबर मोठा लिहा. खंडूच्या पट्ट्यावर नवीन टॅग असूनही तो मार्करचा नंबर आहे, दर महिन्याला पुसट झाला की मी परत गिरवते.